भिंतीपलीकडची घरघर

दुपारी जेवून खंडोजीराव आडवे झाले, की भिंतीपलीकडचं यंत्र सुरू व्हायचं. आधी खट्ट असा बारीक आवाज, मग पंख्याचं सूं, आणि त्याच्या मागोमाग एक जाडीभरडी घरघर. ती खिडकीतून यायची, उशीतून यायची, डोळे मिटले की दातांतूनसुद्धा यायची. तास-दीड तास ती चालायची. पहाटे पाचला पुन्हा तेच.

यंत्र शेजारच्या अरुणचं होतं. अरुण आणि सिंधू नाशकाकडचे. नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि मेटगळ्ळीजवळच्या या वसाहतीत, इथल्या भाषेत लेआउटमध्ये, घर घेऊन राहिले. त्यांच्या गच्चीवर समोरच्या चार मजली इमारतीची सावली पडायची, म्हणून सौर बंबाचा काही उपयोग नव्हता. शेवटी त्यांनी पाणी तापवायला आपल्या बाजूच्या बोळात हीट पंप बसवला. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडायची, असं ते यंत्र. म्हणजे उलटा फ्रिजच. हे खंडोजीरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी फ्रिज आणि एसी दुरुस्त केले होते. निम्म्या म्हैसूरच्या स्वयंपाकघरांत त्यांचा हात फिरला होता. नवे संगणकी बोर्डांचे फ्रिज आले, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं.

यंत्र आवाज करतं, एवढंच असतं तर माणूस चार दिवस चिडतो आणि पाचव्या दिवशी घोरायला लागतो. खंडोजीरावांना जे खुपत होतं ते वेगळं होतं. ते यंत्र मंजुनाथनं बसवलं होतं.

मंजुनाथ हा खंडोजीरावांच्या चुलत बहिणीचा मुलगा, बेट्टदपूरचा. एकोणिसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन त्यांच्याकडे काम शिकायला आला आणि नऊ वर्षं त्यांच्याच घरात राहिला. तांब्याच्या नळीला जोड कसा द्यायचा, गॅस किती भरायचा, कॉम्प्रेसर आजारी आहे का नुसता रुसलाय हे कानानं कसं ओळखायचं, सगळं त्याला खंडोजीरावांनी हाताला धरून शिकवलं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन बेंगळूरला गेल्यावर घरात हाक मारायला तोच होता. मग एक दिवस तो म्हणाला, मामा, मी स्वतःचं काही करतो. खंडोजीरावांनी आशीर्वाद दिला. आशीर्वाद देताना त्यांच्या मनात होतं, की वर्षभरात हा परत येईल.

तो परत आला नाही. मेटगळ्ळीत त्यानं शेड घेतली, हीट पंपांची एजन्सी घेतली, पाच माणसं कामाला ठेवली. आता त्याची पांढरी व्हॅन गावभर फिरायची आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. खंडोजीरावांचं नाव बत्तीस वर्षांत एका पत्र्याच्या पाटीपलीकडे कुठे लागलं नव्हतं.

अरुणकडे यंत्र बसवलं त्या दिवशी मंजुनाथ पाया पडायला आला होता. खंडोजीराव झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. शकुंतलाबाईंनी त्याला कॉफी दिली, हालहवाल विचारली, आणि तो गेल्यावर शेजारी जाऊन यंत्रही पाहून आल्या. आल्या त्या कौतुक करतच. आपल्या मंजूनं किती नीटस काम केलंय, नळ सोडला की कसं भसाभस कढत पाणी येतं, सिंधू तर म्हणते की असा माणूस नाशकातसुद्धा मिळायचा नाही. खंडोजीराव पडल्या पडल्या म्हणाले, "आवाज किती करतंय ते नाही बघितलंस?"

तोवर त्यांनी तो आवाज नीट ऐकलाही नव्हता. पण बोलून गेले, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही ऐकू येईना.

त्यांनी अरुणला सांगितलं. अरुण सज्जन माणूस. त्यानं लगेच मंजुनाथला बोलावलं. मंजुनाथनं यंत्राखालचे रबर बदलले, पंखा नवा घातला, आवाज मोजायचं उपकरण आणून यंत्राजवळ धरलं. आकडा कमीच निघाला. मग त्यानं अरुणमार्फत विचारलं, की मामांच्या बाजूनं येऊन एकदा ऐकून बघू का? खंडोजीरावांनी निरोप पाठवला की माझ्या घरात येऊन माझे कान तपासायची काही गरज नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रहिवासी संघाकडे लेखी तक्रार दिली. संघाचे चिटणीस गंगाधरराव त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी बैठक बोलावली.

बैठकीला पाच दिवस होते, तेव्हाची गोष्ट. त्या दुपारी स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून खंडोजीराव पाना आणायला बोळात गेले. घर आणि सामायिक भिंत यांच्यामधल्या त्या अरुंद बोळावर त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा पत्रा टाकून घेतला होता. त्याच्याखाली जुने कॉम्प्रेसर, गॅसच्या टाक्या, हत्यारांची पेटी, असा त्यांचा सगळा संसार रचून ठेवलेला होता. भिंतीपलीकडे यंत्र नुकतंच सुरू झालं होतं आणि घरघर अगदी रंगात आली होती. पेटीतून पाना घेऊन उठताना गुडघ्यातून कळ आली. तोल सावरायला खंडोजीरावांनी हात वर केला आणि तो पत्र्याला टेकला.

घरघर थांबली.

पलीकडे यंत्र चालूच होतं. पंख्याचं मऊ सूं तेवढं ऐकू येत होतं, दूरच्या खोलीत कुणी भात पाखडत असावं तसं. खंडोजीरावांनी हात काढला. घरघर पुन्हा सुरू झाली. हात लावला, थांबली. त्यांनी मान वर करून पाहिलं. भिंतीकडच्या बाजूला पत्रा धरून ठेवणाऱ्या हुकाचा नट सैल झाला होता आणि त्याखालचा रबराचा वायसर उन्हानं तडकून गळून पडला होता. यंत्राची जराशी थरथर भिंतीत उतरत होती, तेवढ्यानं पत्रा कापत होता. आवाज त्यांच्याच घराचा होता.

पाना हातात होता. पेटीत वायसर होते. स्टुलावर चढून दोन मिनिटांचं काम.

खंडोजीरावांनी स्टुलाकडे पाहिलं. नट आवळला की आवाज जाणार. आवाज गेला की लोक विचारणार, कसा गेला? मंजुनाथ मशीन दुरुस्त करून गेला म्हणतील, किंवा खरं कळलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला स्वतःच्या डोक्यावरचा पत्रा ऐकू आला नाही आणि शिष्याच्या नावानं बोंब मारली. दोन्हीकडून मंजुनाथच वर.  त्यांनी पाना खिशात घातला, आत आले आणि गळका नळ तेवढा नीट केला.

रविवारी बैठक झाली. खंडोजीराव थोडंच बोलले. अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत, की बत्तीस वर्षं मी हेच काम केलंय, मला आवाज कळतो, फिटिंगमध्ये दोष आहे. त्यांच्या शब्दाला वजन होतं. मंजुनाथ मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो उठून एवढंच म्हणाला, "मामा म्हणतात तर असेल. मी मशीन गच्चीवर हलवून देतो, माझ्या खर्चानं." संघानं ठरवलं, की यापुढे घराच्या बाजूच्या बोळात कुणी असलं यंत्र बसवायचं नाही. लेआउटमधल्या चार घरांनी मंजुनाथकडे यंत्रं सांगितली होती. ती चारही आठवड्याभरात रद्द झाली. ही बातमी शकुंतलाबाईंनी सिंधूकडून आणली आणि सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. खंडोजीरावांनी बातमी ऐकली आणि त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली. ते त्यांना स्वतःलाही जाणवलं.

यंत्र गच्चीवर गेलं आणि त्यांच्या दुपारी शांत झाल्या. गंमत अशी की आता खंडोजीरावांचा डोळा मुळीच लागेना. पडल्या पडल्या ते कान देऊन राहायचे. कसला आवाज यायला हवाय तेच कळायचं नाही.

पंधरा दिवसांनी एका दुपारी मंजुनाथ आला. व्हॅन कोपऱ्यावर लावून चालत आला आणि पायरीवरच बसला. शकुंतलाबाई कॉफी करायला आत गेल्या. मंजुनाथ वाळला होता. त्यानं सांगितलं, की गच्चीवर चढवण्याआधी ते मशीन त्यानं शेडमध्ये नेऊन स्क्रू न् स्क्रू उघडून पाहिलं. कॉम्प्रेसर बदलला. काही सापडलं नाही. ज्या फिटरनं ते बसवलं होतं, येलवालचा शरत म्हणून, चाळिशीचा माणूस, सहा वर्षं हाताखाली होता, त्याच्याच हातून काही राहिलं असणार म्हणून त्याला कामावरून काढलं. तरी मनाचं समाधान होत नाही.

"तुमच्या कानाला नेमकं काय ऐकू आलं ते मला सांगा मामा," तो म्हणाला. "मी भांडायला नाही आलो. माझं शिकायचं काय राहिलं ते मला कळायला पायजे, अल्लवा? हो की नाही?"

खंडोजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. एकोणिसाव्या वर्षी जसा मान किंचित तिरकी करून विचारायचा, तसाच. टोमणा असता तर त्यांनी परतवला असता. भांडण असतं तर त्यांना ते हवंच होतं. याला काय उत्तर द्यायचं?

ते उठले आणि म्हणाले, चल. त्याला बोळात घेऊन गेले आणि वर बोट दाखवलं. मंजुनाथ स्टुलावर चढला. त्यानं नटाला हात लावला, तो नुसत्या बोटांनी गरागरा फिरला. त्यानं पत्र्यावर टिचकी मारली आणि तो कितीतरी वेळ झणझणत राहिला. मग तो खाली उतरला. सांगायचं काही उरलं नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बैठकीच्या पाच दिवस आधी."

मंजुनाथनं हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला. "का मामा?"

खंडोजीरावांच्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं आली. खात्री नव्हती, विसरून गेलो, तुला अद्दल घडावी म्हणून. सगळी गिळून ते म्हणाले, "तुझी ती गाडी बघवत नव्हती मला."

मंजुनाथ बोळातून बाहेर आला. चपला घातल्या आणि निघून गेला. कॉफीचा पेला हातात घेऊन शकुंतलाबाई बोळाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पेला तिथेच कॉम्प्रेसरवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला काही सांगत बसू नका. उद्या येलवालला जाऊन त्या माणसाला सांगा. आणि त्याच्या आधी शेजारी."

त्या संध्याकाळी खंडोजीराव आधी गंगाधररावांकडे गेले. गंगाधरराव म्हणाले, झालं ते झालं, सुम्ने, उगाच कशाला पुन्हा उकरायचं, तुमचीच शोभा होईल. खंडोजीराव म्हणाले, व्हायला पाहिजे. तिथेच बसून त्यांनी संघाच्या ग्रुपवर संदेश टाकायला लावला, की आवाज माझ्या पत्र्याचा होता, यंत्राचा आणि फिटिंगचा काही दोष नव्हता, मला हे आधी कळूनही मी बोललो नाही. खाली स्वतःचं नाव घालायला लावलं. मग ते अरुणकडे गेले. अरुणनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, जाताना फाटकापर्यंत पोचवायला आला. फक्त फाटकाशी तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं झालं, सर." आजवर तो त्यांना काका म्हणायचा. खंडोजीराव आपल्या फाटकापाशी पोचेपर्यंत तो एक शब्द त्यांच्याबरोबर चालत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हुणसूरच्या बसनं येलवालला उतरले. चौकशी केली, तर शरत रस्त्याकडेच्या एका पंप दुरुस्तीच्या दुकानात बसून मोटरची तार गुंडाळत होता. खंडोजीरावांनी आपण कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला, त्यानं त्यांचं नाव ऐकलेलं होतं. मंजुनाथ कामावर त्यांचीच उदाहरणं द्यायचा म्हणे. मामा असं करायचे, मामा तसं चालवून घ्यायचे नाहीत. हे ऐकणं खंडोजीरावांना सगळ्यात जड गेलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

शरतनं हातातली तार खाली ठेवली. "त्या मशीनचे चारी बोल्ट मी स्वतः आवळले होते," तो कन्नडमध्ये म्हणाला. "तरी मला काढलं तेव्हा वाटलं, विसरलोच असेन. आता एक बोल्ट मी तीनतीनदा बघतो. मालक ओरडतो, एवढा वेळ का लावतोस म्हणून." मग त्यानं विचारलं, "मंजुनाथसाहेबांना हे माहीत आहे?"

"काल दुपारी सांगितलं."

"मग त्यांनी मला फोन का नाही केला?"

 त्या प्रश्नासरशी खंडोजीरावांच्या आत काहीतरी टुणकन उडालं. म्हणजे मंजूसुद्धा चुकतो तर. आपली चूक समोर दिसत असून तोही गप्प बसतो. क्षणभर त्यांना चक्क बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची अशी शिसारी आली की ते दुकानाबाहेरच्या दगडावर जाऊन बसले. ज्याचं नुकसान आपण केलं त्या माणसाच्या दारात उभं राहूनही पोटातला किडा वळवळतोच आहे. किडा मरत नाही, हे त्यांना त्या दगडावर बसून कळलं. त्याच्याकडे लक्ष न देता पुढचं काम करावं लागतं, एवढंच.

त्यांनी मंजुनाथला फोन लावला. यंत्र बसवल्यापासून पहिल्यांदा. शरतनं विचारलेला प्रश्न त्यांनी तसाच पुढे केला. मंजुनाथ म्हणाला, की रात्रभर त्याचा नंबर काढून बसलोय, पण कुठल्या तोंडानं बोलू? न विचारता त्याला घालवला मी. खंडोजीराव म्हणाले, "काल मी कुठल्या तोंडानं बोललो तुझ्याशी? तसंच बोल." आणि फोन शरतच्या हातात देऊन ते लांब जाऊन उभे राहिले.

अर्ध्या तासात पांढरी व्हॅन आली. मंजुनाथ उतरला. तो आणि शरत दुकानाच्या मागच्या अंगाला जाऊन बोलले. काय बोलले ते खंडोजीरावांना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आले तेव्हा शरतच्या हातात त्याचा डबा होता. पंपवाल्या मालकाला त्यानं महिनाअखेरपर्यंत संध्याकाळी येऊन हातातलं काम पुरं करतो असा शब्द दिला होता. मंजुनाथनं व्हॅनचं दार उघडलं आणि खंडोजीरावांकडे न बघता म्हणाला, "बसा मामा. घरी सोडतो."

शरतही व्हॅनमध्ये चढला. वाटेत मंजुनाथचा फोन सारखा वाजत होता. कुणाला यंत्र हवं होतं, कुणाला भाव. प्रत्येक वेळी तो वाजला की खंडोजीरावांना टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. खोटं कशाला सांगावं? ते खिडकीबाहेर बघत राहिले. गाव जवळ आलं तसं एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बोगादीला बसवलेलं मशीन कालपासून शिट्टीसारखा आवाज करतंय. मंजुनाथनं फोन ठेवला आणि आरशातून मागे पाहिलं. मामांकडे बघवत नसलं तरी त्यांना विचारायची सवय होती, नऊ वर्षांची.

"मामा, येता का? एकदा ऐकून सांगा."

खंडोजीरावांचा हात आपोआप खिशाकडे गेला, जिथे ते पाना ठेवायचे. शिट्टी म्हणजे काय ते त्यांना तिथे न जाताही अर्धंअधिक कळलं होतं. गेलो तर दोन मिनिटांत बोट ठेवीन, सगळ्यांच्या देखत. त्यांची जीभ हो म्हणायला वळलीही होती.

"शरतला ने," ते म्हणाले. "त्याचा कान चांगला आहे. मला घरी सोडा."

म्हणाले खरे, पण घरी आल्यावर त्यांना चैन पडेना.  शकुंतलाबाईंनी येलवालचं विचारलं, ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मग बाहेर पायरीवर येऊन बसले. शरतला सापडलं नाही तर मंजू आपल्याला बोलावेल, असं एक मन म्हणत होतं. आणि तसंच व्हावं असंही ते मन म्हणत होतं. दुसरं मन गप्प होतं. चार वाजता फोन वाजला.

मंजुनाथ होता. पंख्याच्या जाळीत वाळकं पान अडकलं होतं, शरतनं दहा मिनिटांत काढलं. एवढं सांगून तो थांबला. 

"त्याला म्हणावं, शाबास," खंडोजीराव म्हणाले. शब्द जिभेवर दगडासारखा जड होता.  मग त्यांनी घसा साफ केला. "तुलाही."